पद्माक्कांचा अंदाज

प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून देणं हा माझा धंदा आहे. कुणाला बेकरी काढायची असते, कुणाला गोठा, कुणाला मंगल कार्यालय. बँकेकडं कर्ज मागायचं तर धंदा चालेल असं कागदावर दाखवावं लागतं, ते मी दाखवून देतो. पहिल्या वर्षी थोडा तोटा, दुसऱ्या वर्षी तोंडमिळवणी, तिसऱ्या वर्षापासून नफा. माझ्या कागदावर आजवर एकही धंदा बुडालेला नाही. कागदाबाहेर त्याचं काय झालं ते बघायला मी जात नाही. जात असतो तर इतकी वर्षं हे काम झालं नसतं.

एकाच धंद्याचं पुढं काय झालं ते मी शेवटपर्यंत पाहिलं, आणि ते पद्माक्कांमुळं.

पद्मावती चौगुले. अख्खं कोल्हापूर म्हणणार नाही, पण गाण्याबजावण्याला जाणारं कोल्हापूर त्यांना ओळखायचं. स्टेशनकडच्या रस्त्यावर पूर्वी एक खासगी थेटर होतं. नाटकं, ऑर्केस्ट्रा, गाण्याच्या मैफली तिथं व्हायच्या. त्याच्या तिकिटाच्या खिडकीवर आक्का अठ्ठावीस वर्षं बसल्या. त्यांचे यजमान त्याच थेटरात इलेक्ट्रिशियन होते. काविळीनं गेले. मालकांनी आक्कांना बोलावून सांगितलं, दुसरा माणूस मिळेपर्यंत चार महिने खिडकीवर बसा. दुसरा माणूस मालकांनी कधी शोधलाच नाही.

माहेर त्यांचं गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. जैन शेतकऱ्याचं घर. त्यामुळं बोलणं पक्कं कोल्हापुरी, पण धाकट्या वयाच्या कुणालाही 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या आणि फार रागावल्या तर सरळ कानडीत शिरायच्या. इकडच्या कितीतरी बायकांसारखं त्याही स्वतःबद्दल 'मी जातो, मी बसतो' असंच बोलत. सूर्य मावळला की अन्नाला शिवायच्या नाहीत. खिडकी उघडायची साडेपाचला, म्हणून पाचलाच डबा उघडून भाकरी-भाजी खाऊन घ्यायच्या, तोंड पुसायच्या, केस सारखे करायच्या आणि मग खिडकीची फळी वर सरकवायच्या. समोर रांग असली तरी ह्यातलं काही चुकायचं नाही. एकदा एका घाईच्या माणसानं फळीवर टकटक केलं, तर आतून आवाज आला, "पावणं, गाणं सातला हाय. माझा सूर्य सव्वासहाला जातोय. आधी कोण?"

तिकीट काढणाऱ्याला मात्र, ओळखीचा असला तरी, त्या पावणंच म्हणायच्या. मी कॉलेजात असल्यापासून त्यांच्याकडून तिकिटं काढत आलो, पुढं त्यांच्या फंडाचे कागद मीच भरून दिले, दर पंधरवड्याला त्या माझ्या ऑफिसात चहाला यायच्या, तरी शेवटपर्यंत मी पावणंच राहिलो.

त्यांच्या मते या शहराचा एकच रोग होता, पास. म्हणजे फुकटचं तिकीट. "मंडळाच्या वर्गणीला हजार काढून देईल, आखाड्याला तुपाचा डबा देईल," त्या म्हणायच्या, "पण गाण्याच्या तिकिटाला खिशात हात घालायचा म्हटलं की कोल्हापूरचा हात अवघडतोय." एकदा कुणा बड्या साहेबाचा ड्रायव्हर आला. साहेबांसाठी दहा पास पाहिजेत म्हणाला. आक्का म्हणाल्या, "पास संपले. खुर्च्या हायत. साहेबांना विचार, खुर्च्या चालतील का." ड्रायव्हर तसाच परत गेला. मालकांच्या कानावर गेलं, त्यांनी आक्कांना बोलावून खडसावलं. आक्कांनी ऐकून घेतलं. पुढच्या वेळी तोच ड्रायव्हर आला तेव्हा मालकांनी स्वतःच खिडकीवर येऊन दहा पास दिले. कार्यक्रमाला दहातले तीनच आले. सात खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि बाहेर तिकिटं संपली म्हणून माणसं परत गेली. त्या सात खुर्च्या कुठल्या रांगेतल्या ते आक्कांना पुढं कितीतरी वर्षं पाठ होतं.

प्रेक्षक त्यांना गावागावानं दिसायचे. आत गाणं चालू असताना त्या बाहेर बसून कोण कधी उठून जातं ते बघायच्या. मुरगूडची शेवटची एस.टी., गडहिंग्लजची शेवटची एस.टी., सगळं तोंडपाठ. गायक उशिरा आला की आयोजकाला म्हणायच्या, "आता तुमचं मुरगूड उठंल. आणि पाव तास घालवलासा तर गडहिंग्लज उठतंय." आणि खरंच, ठरल्या वेळी मागच्या रांगेतून पाच-सात माणसं चपला हातात घेऊन वाकून बाहेर पडायची. मुरगूडचे एक गुरुजी होते, त्यांना त्या न सांगता दाराजवळची कडेची खुर्ची द्यायच्या. गुरुजी दोन कार्यक्रमांना दिसले नाहीत तेव्हा आक्कांनी मुरगुडातल्या तिघांना विचारलं. तिसऱ्यानं सांगितलं, गुरुजींना आता ऐकायला येत नाही. त्यानंतर ती खुर्ची त्या सगळ्यात शेवटी विकायच्या.

थेटर पडलं, तिथं मोटारींची शोरूम आली. आक्का घरी बसल्या. गुडघे गेले होते. "बसून बसून गुडघं जात्यात हे कुणाला पटत न्हाय," म्हणायच्या.

आणि तीन-चार वर्षांपूर्वी संग्राम माझ्याकडं आला.

संग्राम तिशीतला. पुण्याला एका स्टुडिओत आठ वर्षं रेकॉर्डिंगचं काम करून परत आला होता. वडिलांची लाकडाची वखार होती, ती ते गेल्यापासून बंद होती. त्या वखारीच्या जागी गाण्याचं सभागृह बांधायचं त्याच्या डोक्यात होतं. चारशे खुर्च्या, ए.सी., पुढच्या अंगाला कॅफे, वर रेकॉर्डिंगची खोली. लॅपटॉपवर चित्रं होती, फार सुंदर होती. वर्षाला दीडशे कार्यक्रम आणि प्रत्येक वेळी निम्म्याहून जास्त खुर्च्या भरलेल्या, असा त्याचा हिशेब होता. तारण म्हणून वखारीची जागा आणि राहतं घर. मी टाइप करत होतो. सोबत त्याची आई होती, मालनकाकी.

संग्राम फोन आला म्हणून बाहेर गेला. मालनकाकी पुढं वाकल्या.

"खरं सांगा सायेब. चालंल काय हे?"

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. बँकवाले विचारत नाहीत, कर्ज घेणारे तर नाहीतच. मी म्हणालो, "कागदावर तर चालतंय."

"कागद तुमचा हाय," त्या म्हणाल्या. "घर आमचं जायचं."

खरं सांगायचं तर नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. नाही म्हटलं की गिऱ्हाईक जातं, आणि हो म्हणायची आता तितकीशी लाज वाटत नसली तरी त्याचा कंटाळा आला होता. मी म्हणालो, "एक बाई आहेत. त्यांना विचारू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं आक्कांच्या खोलीत बसलो होतो. संग्रामनं लॅपटॉप उघडला. आक्कांनी चित्रं नीट बघितली. खुर्च्यांचा रंग आवडला म्हणाल्या. मग विचारलं, "कार्यक्रम सुटणार कितीला?"

"दहा, साडेदहा."

"मग मुरगूड आलं न्हाय, गडहिंग्लज आलं न्हाय. वारणेच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतली माणसं सकाळच्या पाळीला जात्यात, तीबी आली न्हाईत. राहिलं कोण?"

"गावातले लोक आहेत की आक्का. सहा लाखांचं गाव हे."

"गाव मोठं हाय. कान किती हायत ते मोजाय पाहिजे."

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि एकेक पान उलटत गेल्या. पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली की लोक घरातलं सामान माळ्यावर चढवतात, गाणं ऐकत नाहीत. गणपती-नवरात्रात गल्लोगल्ली फुकट कार्यक्रम. दिवाळीत पाहुणे. मग लग्नं. मग परीक्षा. मग जत्रा आणि पुन्हा लग्नं. शेवटचं पान उलटून त्या म्हणाल्या, "माझ्या हिशेबानं अठरा शनिवार राहिले, तम्मा. तू दीडशे म्हणालास."

संग्राम हसला, पण त्याला लागलं होतं. "तुमचा काळ वेगळा होता आक्का. आता लोकांपर्यंत पोचता येतं. आमच्या पानाला चार हजार लाईक आहेत."

"लाईकला पैसे पडत्यात?"

"नाही."

"मग त्यो पासच की."

मालनकाकी पदर तोंडाला लावून हसल्या. संग्राम लॅपटॉप मिटायला लागला. तेव्हा आक्काच म्हणाल्या, "माझं ऐकू नकोस. मी म्हातारी बाई. आधी करून बघ. एखाद्या शाळेचा हॉल घे. सलग चार शनिवार, चार तऱ्हेचं गाणं. तिकीट लाव. पास एकबी न्हाय. दारात मी बसतो. मग काय ते कळंल."

आणि त्या बसल्या. पहिल्या शनिवारी जुनी नाट्यपदं होती. दीडशे खुर्च्या, सगळ्या भरल्या. वेळ सहाची ठेवली होती. दारात टेबल, टेबलावर वही. तिकीट देताना आक्का प्रत्येकाला एकच विचारायच्या, "तुम्ही संग्रामचे कोण?" कुणी मावशी, कुणी वर्गमित्र, कुणी शेजारी, कुणी वखारीचं जुनं गिऱ्हाईक. संग्रामच्या आत्यानं तर "सख्ख्या आत्याला तिकीट?" म्हणून दारातच भांडण काढलं. आक्का म्हणाल्या, "सख्खी हायसा म्हणून तर पहिली रांग देतोय. पैसे काढा." आत्या आत गेली, पण कार्यक्रमभर हाताची घडी घालून बसली. संग्राम त्या दिवशी तरंगत होता. मला म्हणाला, "बघितलंत?" आक्कांनी मला वही दाखवली. संग्रामचे कुणीच नसलेले लोक बावीस होते.

दुसऱ्या शनिवारी कॉलेजच्या पोरांचा बँड. सत्तरएक माणसं. तिसऱ्या शनिवारी सतार, त्रेचाळीस. चौथ्या शनिवारी गझला होत्या. त्या दिवशी पाऊस नव्हता, क्रिकेटची मॅच नव्हती, लग्नाची तिथी नव्हती. कसलंही कारण सांगायला जागा नव्हती. सव्वीस माणसं आली. गाणारी मुलगी फार चांगली गायली.

माणसं गेल्यावर आम्ही खुर्च्या एकात एक घालत होतो. आक्का टेबलापाशीच बसून होत्या.

"ह्या सव्वीसातले चौदा चारी वेळा आलेत," त्या म्हणाल्या. "ओळख न्हाय, पाळख न्हाय, वेळेवर आले, पैसे दिले, शेवटपर्यंत बसले. हे तुझे खरे. ह्यांना धर. वखारीला फरशी कर, चांगला पंखा लाव, शंभर खुर्च्या भाड्यानं आण. महिन्यातनं एक कार्यक्रम. नफा व्हायचा न्हाय, पण मरायचं बी न्हाय. चारशे खुर्च्यांचं मात्र चालणार न्हाय, तम्मा."

संग्राम खुर्ची हातात धरून उभा होता. चार आठवड्यांचं जागरण त्याच्या तोंडावर होतं. तो म्हणाला, "तुम्ही जन्मभर भिंतीच्या बाहेर बसलात. आत काय होतं, माणसं कशासाठी येतात, तुम्हाला काय ठाऊक?"

मालनकाकी "संग्राम!" म्हणून ओरडल्या. आक्कांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "बाहेरच बसलो. पण आतनं बाहेर पडणाऱ्याचं तोंड मीच बघायचो, बाबा. गाणाऱ्याला ते कुठं दिसतंय?"

मग त्या मालनकाकींकडं वळल्या. "वखार त्याची हाय. बापानं त्याला दिली, त्यो काय करायचं ते करंल. तुमच्या सहीबिगर घर गहाण पडत न्हाय. तेवढं करू नका."

मालनकाकींनी घरावर सही केली नाही. मुलगा आठ दिवस घरात जेवला नाही, तरी केली नाही. त्या न केलेल्या एका सहीमुळं कर्ज निम्म्यावर आलं, आणि चारशेच्या जागी एकशे ऐंशी खुर्च्यांचं सभागृह ठरलं. कॅफे गेला, रेकॉर्डिंगची खोली गेली. नवा रिपोर्ट मीच लिहिला. लिहीत होतो त्या दिवशी आक्का चहाला आल्या होत्या.

"खुर्च्या किती भरतील म्हणून लिहिलंसा?"

"निम्म्या."

"आणि खरं?"

"तुम्ही सांगा."

"पावभागसुद्धा न्हाय."

मी म्हणालो, तसं लिहिलं तर बँक कर्ज देणार नाही. त्या बराच वेळ बशीत फुंकर घालत बसल्या. मला वाटलं आता कानडी सुरू होणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "लिहा. तुमचंबी पोट हाय." त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी निम्म्या लिहिल्या आणि सही केली.

सभागृह उघडलं तेव्हा संग्रामनं आक्कांना बोलावणं पाठवलं नाही. मी गेलो होतो. दिवे, फुलं, भाषणं, खच्चून गर्दी. सगळे पासवर आलेले. दीडेक महिन्यानं एका शनिवारी सहज म्हणून पुन्हा गेलो तर तिकिटाच्या खिडकीत आक्का. मी बघतच राहिलो.

झालं होतं असं, की खिडकीवर ठेवलेली मुलगी काम सोडून गेली. मालनकाकींकडून ते आक्कांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून आल्या आणि संग्रामला म्हणाल्या, "पगार नको. चहा दे, तोबी उजेडात." तो खाली बघून वायर गुंडाळायला लागला. तेव्हा म्हणाल्या, "नको म्हणून सांगायचं ते सांगून झालं. आता उघडलंयस तर खिडकीवर कुणीतरी शहाणं माणूस बसाय पाहिजे."

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी जे केलं ते मी पगारी माणसाला करताना पाहिलेलं नाही. एक साधा मोबाइल घेतला. जुन्या प्रेक्षकांचे नंबर मिळवून एकेकाला स्वतः फोन करायच्या. "पावणं, जिवंत हाय का? मग शनिवारी या की." वारणेच्या कॉलनीतल्या एका बाईला हाताशी धरून तिथल्या दहाबारा जणींचा गट केला, सकाळच्या पाळीवाल्यांच्या बायका, नवऱ्यांना घरी ठेवून यायच्या. मुरगूडच्या लोकांची शेवटची गाडी चुकते म्हणून त्यांनी एका वडापवाल्याला गाठलं. इथं एस.टी. नसेल तिथं वडापची जीप, माणसं भरायची आणि निघायचं. त्या जीपवाल्याला त्यांनी सांगितलं, शनिवारी कार्यक्रम सुटेपर्यंत दारात थांब, नऊ माणसं तुला मी देतो. आणि खरोखर नऊ माणसं मोजून जीपमध्ये बसवायच्या, आठ भरली तर नवव्याचं भाडं कोण देतंय हे मी कधी विचारलं नाही.

एकदा पुण्याहून एक नावाजलेले गायक आले होते. आषाढ होता, आठच माणसं आली. गायक आतल्या खोलीत पाय सोडून बसले. एवढ्यांसाठी मी गाणार नाही म्हणाले. संग्राम हात जोडून उभा. आक्का भिंतीला धरत धरत आत आल्या.

"आठ माणसं हायत म्हणून गाणार न्हाय?"

गायकांनी मान हलवली.

"जी आली न्हाईत त्यांच्यावरचा राग जी आली त्यांच्यावर काढताय व्हय? भर पावसात आलीत ती. एक तर मुरगुडासनं आलाय."

गायक त्यांच्याकडं बघत राहिले. मग विचारलं, "तुम्ही कोण?"

"तिकिटं मी फाडतो."

ते गायले. अडीच तास गायले. आक्का खिडकीत परत जाऊन बसल्या होत्या.

पण आठांचे ऐंशी झाले नाहीत. अठरा शनिवार म्हणाल्या होत्या, पहिल्या वर्षी वीस निघाले, दुसऱ्या वर्षी सोळा. पावभागसुद्धा नाही म्हणाल्या होत्या, तो कधी भरला, कधी नाही. चौदांचे वाढून तीसेक झाले, तेवढेच. दुसऱ्या दिवाळीनंतर संग्रामनं सभागृह बंद केलं. जागा एका फर्निचरवाल्याला भाड्यानं दिली, त्या भाड्यातून बँकेचे हप्ते जाऊ लागले. खुर्च्या एका क्लासवाल्यानं नेल्या. ज्या दिवशी टेम्पो आला त्या दिवशी संग्रामनं मला बोलावलं होतं, कागदावर सह्यांसाठी. आक्का आल्या होत्या. खुर्च्या बाहेर निघताना त्या तोंडानं काही म्हणत होत्या. मला वाटलं मोजताहेत. जवळ गेलो तेव्हा कळलं, टेम्पोवाल्या पोरांना सांगत होत्या, "पाय धरून उचला, पाठ धरून न्हवं, निखळत्यात."

त्यानंतर बरेच महिने मी त्या बाजूला गेलो नाही. आक्काही चहाला येईनाशा झाल्या. माझा जिना त्यांना चढवेना. गेल्या फाल्गुनात एका बँकेच्या कामानं संग्रामच्या गल्लीतून जात होतो. चारचा सुमार. घराच्या कट्ट्यावर मालनकाकी आणि आक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. मला हाक मारली. मीही टेकलो.

इकडचं तिकडचं झालं. संग्राम आता लग्नांच्या, सभांच्या साऊंडच्या ऑर्डरी घेतो, बरं चाललंय, असं मालनकाकी सांगत होत्या. मग हात थांबवून त्या म्हणाल्या, "आक्का, तुम्ही म्हणला तसंच झालं बघा शेवटी. अगदी तसंच."

आक्कांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पण तसं होऊ नये म्हणून मी दोन वर्षं बसलो की गं तिथं." आणि थोड्या वेळानं, आमच्यापैकी कुणाकडंच न बघता, "खरं ठरायचा आता कट्टाळा आलाय मला."

रिपोर्टात लिहिलेल्या त्या निम्म्या खुर्च्यांबद्दल मी काहीतरी बोलणार होतो. कित्येक दिवस मनात होतं. शब्दही जुळवले होते. पण तेवढ्यात संग्रामची स्कूटर आली. मागं वायरींची भेंडोळी बांधलेली. त्यानं आम्हाला बघितलं, गाडी बंद न करताच म्हणाला, "आक्का, तुमच्याच बाजूला चाललोय. सोडतो चला."

"वायरी कुठं ठेवणार?"

"पुढं घेतो की."

त्यानं भेंडोळी सोडून पायाशी घेतली. मी आक्कांची पिशवी धरली. गुडघ्यावर हात दाबत त्या उठल्या, पदर खोचला, एका अंगानं मागं बसल्या. संग्राम म्हणाला, "धरून बसा." त्या म्हणाल्या, "चल की तू."

गाडी गल्लीच्या टोकाशी गेली. तिचा वळायचा दिवा बिघडलेला असावा. वळणावर संग्राम जरा थबकला, आणि मागं बसलेल्या आक्कांनी उजवा हात चांगला लांब बाहेर काढून, समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरकडं रोखून धरला. ट्रॅक्टर थांबला. स्कूटर वळून गेली तरी तो हात तसाच बाहेर होता.